पंचाहत्तर ग्रॅम पाला

माझी पत्नी शोभा हिच्या हृदयात धातूची झडप बसवली, त्या दिवसापासून आमच्या घराला एका आकड्याच्या धाकात राहावे लागले. तो आकडा तिच्या रक्ताच्या पातळपणाचा होता. तो अडीच आणि साडेतीन यांच्या दरम्यान राहिला पाहिजे, असे नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले. अडीचच्या खाली गेला तर झडपेवर गुठळी धरू शकते. साडेतीनच्या फार वर गेला तर रक्त कोठूनही वाहू लागते, मेंदूतसुद्धा. त्यासाठी रोज संध्याकाळी एक लहानशी गोळी घ्यायची, आणि ती जन्मभर.

मी शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि चौतीस वर्षे औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलर विभागात नोकरी केली. दोन मर्यादांमध्ये एक काटा धरून ठेवणे हेच माझे आयुष्यभराचे काम होते. त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे ऐकून मला भीती वाटली नाही. उलट, हे आपल्याला जमण्यासारखे आहे असेच वाटले.

एक गोष्ट त्यांनी निघता निघता सांगितली. पालेभाजीत असे काही असते की ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाजी बंद करायची नाही, पण रोज सारखी खायची. एक दिवस ताटभर आणि पुढचे चार दिवस काहीच नाही, असे झाले की आकडा हलतो. गोळीचा डोस तुमच्या जेवणावर बसवलेला असतो. जेवण बदलले की डोस चुकीचा ठरतो.

पुष्कळ रोगी हा त्रास नको म्हणून पालेभाजी सोडूनच देतात. आम्हाला ते शक्य नव्हते. शोभा काटोलकडच्या शेतकरी घरातली. ताटात पाल्याची भाजी नसली तर तिला जेवण झाल्यासारखे वाटत नसे. शस्त्रक्रियेनंतर तिचे वजन एक्केचाळीस किलोवर आले होते आणि अन्नावरची वासना पार गेली होती. चिवडा, खीर, फळे, डब्यातली प्रथिनांची पूड, सगळे समोर ठेवून झाले. ती फक्त डाळीत पाला शिजवलेली डाळभाजी मागे, तीही दोन घास.

पहिल्या उन्हाळ्यात मी बाजारातून पालक आणला. आमच्याकडे बाजारातला पाला नाल्याच्या कसल्या पाण्यावर वाढतो, हे नागपूरकरांना सांगायला नको. मी तो मिठाच्या पाण्यात धूत असे, तरी मे महिन्यात तिला जुलाब लागले, आठ दिवस अंथरुणावर गेले आणि आकडा चार पॉइंट दोनवर चढला. त्या वेळी काही झाले नाही, पण मी ठरवले की यापुढे हिच्या पोटात जाणारे प्रत्येक पान घरचेच असेल.

प्रताप नगरातल्या आमच्या घराला गच्ची मोठी आहे. नागपुरातल्या प्रत्येक घरी एक तरी गंजलेला कूलर पडून असतो; त्याची खालची टाकी पसरट आणि वीतभर खोल असते, पाल्याला अगदी योग्य. शेजारच्या गणपतरावांनी तीन टाक्या दिल्या, बाकीच्या मी भंगारवाल्याकडून आणल्या. अशा अठ्ठावीस टाक्या झाल्या. तळाला भोके पाडली, आतून रंग दिला, माती, शेणखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण भरले. दर आठ दिवसांनी चार टाक्यांत पेरणी करायची, म्हणजे तोडणीला कधी खंड पडत नाही. पालक, मेथी, तांदुळजा, आंबटचुका, आणि थंडीत हरभरा. पान तोडायचे, धुवायचे, निथळत ठेवायचे आणि काट्यावर बरोबर पंचाहत्तर ग्रॅम घ्यायचे. स्वयंपाकही मीच शिकलो. डाळभाजीत शेंगदाणे किती, लसणाची फोडणी केव्हा, हे शोभा खाटेवरून सांगे आणि मी करी.

ती या प्रकाराची भरपूर थट्टा करीत असे. मेघा, आमची मुलगी, फोनवर असली की मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगे, "तुह्या बाबाले मी बायको नाही वाटत वं, बॉयलर वाटते. सकाळी काय टाकलं, संध्याकाळी काय निघालं, सगळं लिहून राहिले."

गणपतरावांची बायको एकदा कोथिंबिरीची जुडी घेऊन आली तर शोभाने तिला दारातच थांबवले आणि म्हणाली की साहेबांची परवानगी काढून आण, नाहीतर तुझी कोथिंबीर काट्यावर चढेल. दोघी बराच वेळ हसत होत्या.

पण ती जेवू लागली होती. दोन घासांची अर्धी वाटी झाली, अर्ध्या वाटीची वाटी झाली. ज्वारीची एक भाकर ती पुरी खाऊ लागली. पाऊस संपेपर्यंत वजन सेहेचाळीस झाले आणि संक्रांतीला एकोणपन्नास. आकडा जुलैपासून दर महिन्याला दोन पॉइंट सात, दोन पॉइंट नऊ, दोन पॉइंट आठ असा येत राहिला. डॉक्टरांनी माझा रोजच्या नोंदींचा कागद दुसऱ्या एका रोग्याच्या मुलाला दाखवला. त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवला नाही, हे कबूल केले पाहिजे.

एप्रिलमध्ये मीच डॉक्टरांना विचारले, की दहा महिने आकडा हलला नाही, तर तपासणी दोन महिन्यांनी केली तर चालेल का. शोभाच्या हाताच्या शिरा कडक झाल्या होत्या. सुई तीन-तीनदा टोचावी लागे आणि ती दुसरीकडे तोंड फिरवून बसे. डॉक्टर म्हणाले, इतके स्थिर असेल तर हरकत नाही. मेघाला हे पटले नाही. ती म्हणाली की उन्हाळ्यात तरी दर महिन्याला करा. मी तिला कागद दाखवला.

बॉयलर विभागात एखाद्या मापकाचा काटा फार दिवस जागचा हलला नाही, तर आम्ही काचेवर टिचकी मारून पाहत असू, कारण न हलणारा काटा बिघडलेलाही असू शकतो. ही सवय मी घरी आणली नाही.

उन्हाळ्याची चिंता मला जानेवारीतच लागली होती. मे महिन्यात आमच्या गच्चीवर हिरवी जाळी लावूनही काही टिकत नाही. टाकीच्या पत्र्याला हात लावला तर भाजतो. बाजाराचा पाला तर आणायचा नव्हता. उपाय शोभानेच सुचवला. तिच्या माहेरी थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडत आणि वाळवून मडक्यात भरून ठेवत. तोच पाला भिजवून डाळीत किंवा बेसनात शिजवला की उन्हाळाभर भाजी. आमच्या भागात हे घरोघरी होते. त्यात नवीन काही नव्हते.

मी ते माझ्या पद्धतीने केले. चौदा टाक्यांत हरभरा पेरला. शेंडे खुडले की हरभरा फुटतो, म्हणून आठ-आठ दिवसांनी खुडत राहिलो. गच्चीवर शोभाची जुनी सुती लुगडी अंथरली आणि पाला पातळ पसरून चार दिवस कडक उन्हात ठेवला, बोटांत चुरला जाईपर्यंत. ओल राहिली तर बुरशी धरेल, एवढीच मला काळजी. मग वजन केले. एक किलो ताज्या पाल्याचा अडीचशे ग्रॅम वाळलेला पाला झाला. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच उत्तर आले. म्हणजे पंचाहत्तर ग्रॅम ताज्या पाल्याची बरोबरी एकोणीस ग्रॅम वाळलेल्या पाल्याने होते. गेले ते फक्त पाणी. हे गणित मी शोभाला समजावून सांगितले. ती म्हणाली, "माझ्या मायनं मुठीनं टाकलं जन्मभर. तुमचं बरोबर असन."

एप्रिलच्या वीस तारखेला ताजा पाला संपला आणि दुसऱ्या दिवसापासून मी डबा उघडला. त्या भाजीला एक खमंग, किंचित आंबूस वास असतो. शोभाने पहिला घास घेतला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाली की लग्न झाल्यापासून या घरात एवढी चांगली भाजी कोणी केली नाही, तिने स्वतःसुद्धा नाही. त्या उन्हाळ्यात ती पोटभर जेवली. सेहेचाळीस अंशांच्या दुपारीसुद्धा ती भाकर मागून घेत असे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या दंडावर एक निळा डाग दिसला. मी विचारले तर म्हणाली की कूलरमध्ये पाणी टाकताना कड लागली. चार दिवसांनी मनगटाच्या वर दुसरा डाग होता. दात घासताना बेसिनमध्ये लाल दिसले, तेव्हा तिने नव्या ब्रशला दोष दिला. मी या तिन्ही गोष्टी तारखांसह लिहून ठेवल्या. त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता असे नाही. झडप बसवली तेव्हा मिळालेल्या पत्रकात हेच लिहिले होते. पण तपासणीची तारीख अकरा जून होती, बेसिनमध्ये लाल दिसले तो दिवस पाच जूनचा होता, आणि मी मनाशी म्हटले की सहाच दिवस राहिले आहेत, पाला एक ग्रॅमही कमीजास्त झालेला नाही, तेव्हा आकडा फार लांब जाण्याचे कारण नाही. मी कोणाला फोनसुद्धा केला नाही.

आठ जूनला सकाळी दहाच्या सुमारास ती लसूण सोलत बसली होती. डोके दुखते म्हणाली. नागपुरात त्या दिवसांत कोणाचे डोके दुखले की पहिले कारण ऊनच. मी तिला कैरीचे पन्हे दिले, कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि कूलरसमोर निजवले. अर्ध्या तासाने पाहिले तर तिला उलटी झाली होती आणि उजवा हात खाटेखाली लोंबत होता. मी हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिले, पण ओठ एकाच बाजूला हलले.

रुग्णालयात आकडा आठ पॉइंट एक आला.

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साचले होते. रक्त लगेच घट्ट करायचे होते. पण फार घट्ट केले तर झडप बंद पडणार होती. डॉक्टरांनी दोन्ही धोके मला नीट समजावले आणि कागदावर सही घेतली. नंतर अतिदक्षता विभागाच्या दारातून मला पाच मिनिटे आत जाऊ दिले. प्रीती नावाची एक परिचारिका लहानशा शिशीतून औषध ओढून घेत होती. शिशी तपकिरी काचेची होती. औषध सलाइनमध्ये मिसळल्यावर तिने त्या बाटलीवर काळी पिशवी चढवली. यंत्रावर काम केलेल्या माणसाला अशा गोष्टी दिसतात. मी विचारले, हे काय आहे.

"जीवनसत्त्व के आहे काका. पालेभाजीत असते ना, तेच," ती म्हणाली. "गोळीचा असर उतरवते."

मग मी विचारले की बाटली झाकली कशासाठी.

"याले उजेड चालत नाही. ऊन त सोडाच, ट्यूबलाइटनंही खराब होते."

ती पुढच्या खाटेकडे गेली. मी शोभाच्या पायाशी उभा होतो. माझ्या पंचाहत्तर ग्रॅममधून फक्त पाणी गेले होते, असे मी पाच महिने समजत होतो.

त्या दिवसांत मी डॉक्टरांना दोनदा विचारले, की उन्हात वाळवताना पाल्यातले हे जीवनसत्त्व गेले आणि त्यामुळेच आकडा चढला का. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, असेलही; पण उन्हाळ्यात आकडा दहा कारणांनी वाढतो, एकावर बोट ठेवता येत नाही. मी डब्यातला मूठभर पाला घेऊन एका खाद्य प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितले की ओल, राख, वाळू आणि किडे यांची तपासणी ते करतात. हे जीवनसत्त्व मोजण्याची सोय त्यांच्याकडे नाही. कारण सापडले नाही की माणसाला सुटल्यासारखे वाटते, असे लोक म्हणतात. मला तसे वाटले नाही. माझे दोष मला अंदाजाने नको होते.

मेघाला मी रुग्णालयाच्या बाकावर सांगितले. शिशीचे, काळ्या पिशवीचे, लुगड्यांवर वाळत घातलेल्या पाल्याचे, निळ्या डागांच्या तारखांचे, सगळे क्रमाने सांगितले. ती मांडीवरच्या डब्याचे झाकण बोटाने फिरवत ऐकत होती.

"बाबा, पाल्याचं कोणालेच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आजीनं पण असाच वाळवला असता." मग झाकण घट्ट बसवून ती म्हणाली, "पण डाग तुम्हाले दिसले होते."

"हो."

"मले एक फोन करायचा होता तुम्ही."

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. ती रोज दोनदा येते, आईचे कपडे बदलते, माझ्यासाठी डबा आणते, आणि मी जेवलो की नाही ते पाहूनच जाते. पण तेव्हापासून ती माझ्याशी बोलताना वाक्य अर्धे ठेवत नाही. पूर्वी ठेवत असे, उरलेले मी समजून घेईन म्हणून.

पाच आठवड्यांनी शोभाला घरी आणले. उजवी बाजू हलत नाही. बोलणे गेले आहे. समजते किती, ते कोणी सांगू शकत नाही. नाकातून नळी आहे. गोळी पुन्हा सुरू झाली, कारण झडप आपल्या जागी आहेच. नळीतून डब्यातली पूड पाण्यात कालवून दिवसातून सहा वेळा द्यायची. त्या पुडीत प्रत्येक घटक किती आहे ते डब्यावर छापलेले असते आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फरक पडत नाही. घरी आल्यापासून आकडा दोन पॉइंट नऊच्या आसपास आहे.

एक वाट डॉक्टरांनी मोकळी ठेवली होती. तोंडाने दाटसर काही गिळता आले, तर नळी काढता येईल. महिनाभर प्रयत्न करा म्हणाले. गिळले नाही, तर पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसवावी लागेल, आणि त्यासाठी गोळी काही दिवस थांबवावी लागेल, म्हणजे पुन्हा झडपेचा धोका.

पावसाळा सुरू झाला होता. शोभा रुग्णालयात असतानाच मी गच्चीवर टाक्यांत पालक पेरला होता. तो हाताला आला तेव्हा मुगाच्या डाळीत शिजवला, लोखंडी गाळणीतून दोनदा घासून काढला, थोडे तांदळाचे पीठ लावून दाट केला. किंचित मीठ, तुपात जिरे, बाकी काही नाही. शोभाला तक्क्याला टेकवून ताठ बसवायचे, हनुवटी खाली करायची, चमचा डाव्या बाजूने घालायचा. हे मला रुग्णालयात शिकवले होते. मी पहिल्या दिवशी तीन चमचे ठेवले. तिन्ही तिच्या तोंडात राहिले आणि हळूहळू ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आले. तिने थुंकले नाही, तोंडही फिरवले नाही. ती माझ्या शर्टाच्या बटणाकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी अधिक दाट केले, तिसऱ्या दिवशी पातळ. मग डाळभाजीऐवजी नुसता आंबटचुका, आंबटाने घसा हलतो म्हणून. मग ताकातल्या कण्या. एकदा लसणाची फोडणी दिली आणि वाटी नाकाजवळ धरली, वासाने काही होते का ते पाहायला. तिचे डोळे वाटीकडे वळले. त्या दिवशी मी मेघाला फोन करून बोलावून घेतले. मेघा आली, आईसमोर बसली आणि तिने स्वतःच्या हाताने चमचा भरवला. आम्ही दोघे शोभाच्या गळ्याकडे पाहत होतो. गळा हलला नाही. नंतर तिला जोराचा ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला, आणि मेघाने तिला कुशीवर वळवून बोटाने तोंड साफ केले.

सत्तावीस दिवस झाले होते. अजून तीन दिवस बाकी होते आणि मी दुसऱ्या दिवसासाठी पालक तोडून ठेवला होता. मी मेघाला तसे म्हणालो.

"नाही बाबा," ती म्हणाली. "पुरे आता. तुम्ही तिले जेवायला घालून नाही राहिले, तपासून राहिले."

मी शोभाची हनुवटी ओल्या फडक्याने पुसली. तक्क्या काढला, तिला खाली घेतले, चादर नीट केली. मेघाने डॉक्टरांना फोन लावला आणि पोटाच्या नळीची तारीख मागितली. त्यांनी गुरुवार सांगितला. गोळी सोमवारपासून थांबवायची होती. मी ते कागदावर लिहून घेतले आणि कागद औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवला. पाऊण वाटी भाजी उरली होती. मी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खाल्ली, मग वाटी आणि चमचा घासून ठेवला. अकरा वाजता पूड द्यायची होती. मी पाणी कोमट करायला ठेवले.